जर्मनीत नर्स म्हणून जायचंय? कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

कुडाळच्या बाजूला बरीच वर्षं मी सिस्टर ट्यूटर होते, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवत असे. आता निवृत्त आहे, पण फोन काही निवृत्त झालेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीच्या कराराची बातमी आली तेव्हापासून रोहा ते बांदा कुठून ना कुठून रोज कोणीतरी तेच विचारतं. म्हणून हे एकदा लिहून ठेवलं. फी, पगार आणि नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी आकडे नव्याने तपासून घ्या.

१. "करार झाला, करार झाला" म्हणतात तो नेमका कोणता?

दोन आहेत, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला दोन देशांमधला. ५ डिसेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर आणि जर्मनीच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री अनालेना बेअरबॉक यांनी स्थलांतर आणि गतिशीलता भागीदारी करारावर सह्या केल्या. तो विद्यार्थी, कामगार अशा सगळ्यांसाठी आहे, फक्त नर्सेससाठी नाही. दुसरा फेब्रुवारी २०२४ मधला, महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग हे राज्य यांच्यातला. त्यात नर्स, लॅब सहायक, वृद्धांची काळजी घेणारे यांच्यापासून इलेक्ट्रिशियनपर्यंत कुशल माणसं पाठवायची कल्पना होती आणि सुरुवातीचं उद्दिष्ट दहा हजारांचं होतं. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर सावंतवाडीचे, त्यामुळे आपल्याकडे चर्चा जरा जास्तच झाली. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे ओळख जुनीच.

केरळवाले आपल्या आधी निघाले. त्यांच्या नोर्का या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२१ मध्येच जर्मनीच्या रोजगार खात्याशी 'ट्रिपल विन' या नर्सभरती योजनेचा करार केला होता.

२. करार आहे म्हणजे माझी नोकरी नक्की ना?

नाही. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं वाचा. तुमचा अर्ज तीन वेगवेगळ्या टेबलांवरून जातो. करार सरकारं करतात. नोकरी देतं तिथलं रुग्णालय किंवा वृद्धाश्रम. आणि 'ही बाई आमच्याकडे नर्स म्हणून काम करू शकते' हा शिक्का मारतं जर्मनीतल्या त्या त्या राज्याचं मान्यता कार्यालय. जर्मनीत १६ राज्यं, आणि तुमची नोकरी ज्या राज्यात तिथलं कार्यालय तुमचं. बाडेन-व्युर्टेंबर्गसाठी ते स्टुटगार्टमध्ये आहे. पहिल्या टेबलावर नाव नोंदवलं म्हणून बाकीची दोन आपोआप हलत नाहीत. शासनाच्या यादीत नाव आलं म्हणून पेढे वाटलेली घरं मी पाहिली आहेत. पुढे वर्षभर भाषेचा वर्गसुद्धा सुरू न झाल्याने त्यातल्या दोघी पुन्हा जुन्या रुग्णालयात रुजू झाल्या.

३. माझं जीएनएम झालंय. चालेल का? बीएस्सी नर्सिंगच लागतं का?

जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, चालते. तीन वर्षांचं शिक्षण आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची चालू नोंदणी हवी. बीएस्सीवाल्यांच्या अभ्यासक्रमात तास जास्त असल्याने मान्यतेच्या वेळी थोडी कमी कटकट होते, एवढाच फरक.

४. मी एएनएम आहे, उपकेंद्रात सहा वर्षं काढली. मला का नाही म्हणतात?

तुमच्या हाताला नाही म्हणत नाहीत, अभ्यासक्रमाच्या लांबीला म्हणतात. त्यांची नर्स तीन वर्षांच्या प्रशिक्षणातून तयार होते आणि एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम, दोन वर्षांचा आहे, म्हणून पूर्ण नर्स अशी मान्यता साधारणपणे मिळत नाही. अशा वेळी तिकडे नव्याने प्रशिक्षण घ्यायचा रस्ता उरतो, तो प्रश्न ५ मध्ये आहे. पस्तिशीनंतर पुन्हा विद्यार्थिनी व्हायला मन तयार होतं का, हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. दीडशे बाळंतपणं केलेल्या बाईला शिकाऊ म्हणून उभं करायचं, हे मलाही पटत नाही.

५. बारावी झालेली मुलगी आहे. इथे नर्सिंग न करता थेट तिकडे शिकता येतं का?

येतं. त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. तीन वर्षं, थोडे दिवस शाळा आणि थोडे दिवस वॉर्ड, आणि शिकताना विद्यावेतन. सरकारी वेतनश्रेणीच्या रुग्णालयांत २०२५ मध्ये पहिल्या वर्षी ते महिन्याला १,४०० युरोच्या थोडं वर होतं, कर आणि विमा कापण्याआधी. जर्मन भाषेची बी-१ ही मधली पायरी तरी लागते, पण बहुतेक रुग्णालयं तिच्या वरच्या बी-२ शिवाय नेमणूकपत्र देत नाहीत. फायदा असा की शेवटी हातात जर्मन प्रमाणपत्रच येतं, मान्यतेची भानगडच उरत नाही. तोटा असा की अठरा-एकोणीस वर्षांची पोर एकटी असते आणि शाळेची पुस्तकं जर्मनमध्ये.

६. जर्मन किती लागतं? इंग्रजीवर निभावत नाही का?

नाही निभावत. रात्री तीन वाजता घाबरलेली म्हातारी तिच्या भाषेतच बोलणार. व्हिसासाठी बी-१ वर निघणाऱ्या मुली आहेत, पण नर्सचा परवाना बी-२ शिवाय मिळत नाही. ए-१ पासून बी-२ पर्यंत जायला, ड्युटी सांभाळून आणि रोज दोन तास देऊन, दीड वर्ष धरा. 'सहा महिन्यांत बी-२' अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा. बी-१ पासून वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात. एकात अडकलात तर तेवढाच भाग पुन्हा द्यायचा. आपल्या मुली बहुधा ऐकण्यात अडकतात, लिहिण्यात नाही.

७. आमच्याकडे जर्मनचा क्लासच नाही. शिकायचं कुठे?

मॅक्स म्युलर भवन मुंबईत आणि पुण्यात आहे, आणि त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. देवगड किंवा गुहागरच्या आतल्या गावातून ऑनलाइन शिकायचं तर रेंज हा मोठा विषय आहे. माझी एक विद्यार्थिनी पूर्ण ए-२ सड्यावर जाऊन, दुचाकीवर बसून शिकली. पावसाळ्यात गोठ्याच्या पत्र्याखाली. परीक्षेला मात्र मुंबई-पुणं गाठावंच लागतं. तुतारी एक्सप्रेसने दादरला पहाटे उतरून तशीच परीक्षेला बसू नका, आदल्या दिवशी पोहोचा. ऐकण्याच्या पेपरात झोप येते, हा अनुभव आहे.

शासनाच्या योजनेत भाषेचं शिक्षण शासनाच्या खर्चाने असं ठरलं होतं. तुमच्या जिल्ह्यात वर्ग चालू आहे का ते जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, प्रत्यक्ष जाऊन विचारा.

८. मान्यता म्हणजे काय करतात? परीक्षा असते?

तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून तास मोजतात. किती तास बालरोग, किती मानसोपचार, वृद्धांची शुश्रूषा किती. आपल्याकडच्या बहुतेकींना 'इतकं कमी पडतं' असं पत्र येतं. त्याला डेफिझिट-बेशाइड म्हणतात. ते नकारपत्र नव्हे, ते वाचून रडत फोन करू नका. त्या पत्रावरच व्हिसा मिळतो. मग तिकडे जाऊन दोनातलं एक करायचं: काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम, किंवा ज्ञानपरीक्षा, तोंडी आणि प्रत्यक्ष वॉर्डात. तोपर्यंत तुम्ही सहायक म्हणून काम करता आणि पगारही सहायकाचा.

१ मार्च २०२४ पासून 'मान्यता भागीदारी' नावाची सोयही आली आहे. आधी नोकरीवर जायचं आणि मान्यतेचा अर्ज तिकडे गेल्यावर मालकाच्या साथीने पूर्ण करायचा. मालकाला घाई असेल तर तो ४११ युरो भरून जलद प्रक्रियाही सुरू करू शकतो. त्यात मान्यता कार्यालयाने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. ही प्रक्रिया मालकच तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करतो. इथला कोणी 'मी करून देतो' म्हणत असेल तर प्रश्न १० वाचा.

९. कागदपत्रं कोणती, आणि त्यात सगळ्यात जास्त काय अडतं?

पासपोर्ट, दहावी-बारावी, नर्सिंगचं प्रमाणपत्र, विषयवार तासांसह ट्रान्सक्रिप्ट, कौन्सिलची नोंदणी आणि चांगल्या वर्तनाचा दाखला, अनुभवपत्रं, आणि या सगळ्यांचं अधिकृत अनुवादकाकडून जर्मन भाषांतर.

अडतं ते नाव. दहावीला माहेरचं नाव, कौन्सिलमध्ये लग्नानंतरचं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे नाही, आणि अनुभवपत्रावर रुग्णालयाच्या कारकुनाने स्पेलिंग आपल्या मनाने लिहिलेलं. आपल्याला कळतं की ही एकच बाई. स्टुटगार्टच्या कारकुनाला कळत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. विवाह नोंदणी दाखला आणि लागल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच करून ठेवा. भाषा शिकायला सुरुवात करता त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या, कारण दोन्हींना सारखाच वेळ लागतो.

दुसरी अडचण ट्रान्सक्रिप्टची. काही कॉलेजं बंद झाली, काहींकडे जुने लॉगबुक नाही. २०२१ च्या पुरात चिपळूण-महाडमध्ये भिजलेले कागद वेगळेच. अशा वेळी परीक्षा मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे दुय्यम प्रत मागायची.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही: गोवर. जर्मनीत १ मार्च २०२० पासून १९७० नंतर जन्मलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला गोवराचे दोन डोस किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणचं लसीचं कार्ड कोणाकडे असतं? रक्ततपासणी करून घ्या किंवा लस घ्या, पण दाखला लेखी घ्या.

आणि अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का. भारत त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये आला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला होता. म्हणून 'अपोस्टिल मारलं की झालं' हे जर्मनीला लागू पडेलच असं नाही. कोणती साक्षांकित प्रत हवी ते मान्यता कार्यालयाला ईमेलने विचारा आणि मगच पैसे खर्च करा.

१०. एजंट दोन लाख मागतोय. द्यावेत का?

नाही. भारतातल्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक पाहता येतो. क्रमांक विचारल्यावर 'विश्वास नाही का ताई' असं उत्तर आलं तर विश्वास ठेवू नका. जर्मनीत नर्सभरतीसाठी सरकारी गुणवत्ता शिक्काही आहे. तो असलेल्या संस्थांनी भरतीचा खर्च मालकाकडून घ्यायचा असतो, नर्सकडून नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका मुलीने आंब्याची दोन कलमांची बाग गहाण टाकून पैसे भरले. तिला मिळालं ते 'ऑफर लेटर', ज्यात रुग्णालयाचा पत्ताच नव्हता. पैसे अजून परत आलेले नाहीत.

करारनाम्यात 'इतकी वर्षं आधी सोडलं तर खर्च परत करा' असं कलम असू शकतं. ते असणंच वाईट असं नाही, पण रक्कम किती, किती वर्षांसाठी आणि दर महिन्याला कमी होते का, हे सही करण्याआधी विचारा.

११. हातात पगार किती येतो?

काळजी क्षेत्रात मान्यताप्राप्त नर्सला जुलै २०२५ मध्ये तासाला किमान २०.५० युरो आणि साध्या सहायकाला १६.१० युरो असा कायदेशीर तळ ठरला होता. रुग्णालयं बहुधा याहून थोडं वर देतात. एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी आणि शुश्रूषा विमा मिळून साधारण तिसरा हिस्सा जातो. मग घरभाडं. गावी पैसे पाठवायची घाई पहिल्या वर्षी करू नका, आणि घरच्यांनीही ती करवू नये. चुलत्याच्या घराचा स्लॅब सहा महिने थांबला तर काही बिघडत नाही.

१२. तिथलं काम इथल्यासारखंच ना?

नाही, आणि सर्वात जास्त मुली इथेच हिरमुसतात. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं हे नातेवाईक किंवा मावशी करतात. सिस्टर सलाईन लावते, इंजेक्शन देते, राउंडला डॉक्टरांबरोबर फिरते. जर्मनीत नर्स आंघोळही घालते, दात घासते, कूस बदलते, केस विंचरते. तिथे ते कमीपणाचं मानत नाहीत, तोच शुश्रूषेचा गाभा समजतात. उलट शिरेत सुई घालण्यासारखी कामं, जी इथे आपण झोपेतसुद्धा करतो, ती अनेक ठिकाणी डॉक्टर करतात. आयसीयूत आठ वर्षं काढलेल्या एकीने मला फोन करून सांगितलं, "मॅडम, इथे मी आया झालेय." दोन वर्षांनी तिचाच फोन: आता तिला पेशंट नावानिशी माहीत असतात, जखम कधी चिघळणार हे त्वचेवरून आधी कळतं. मला दोन्ही फोन खरे वाटतात.

त्यातून वृद्धाश्रम असेल तर अजून वेगळं. पेशंट बरा होऊन घरी जात नाही, तिथेच राहतो आणि तिथेच जातो. जर्मनीला निघण्याआधी मालकाला स्पष्ट विचारा: रुग्णालय की वृद्धाश्रम, आणि कोणता वॉर्ड.

१३. लग्नानंतर पाच वर्षं काम केलं नाही. वय सेहेचाळीस आहे. दार बंद झालं का?

गॅपने बंद होत नाही. मान्यता शिक्षणावर असते. अनुभव असला तर कमी पडलेले तास भरून निघायला मदत होते, एवढंच. कौन्सिलची नोंदणी मात्र चालू हवी. वयाची वेगळी अट आहे: ४५ पूर्ण झालेल्या व्यक्तीला पहिल्यांदा कामासाठी जाताना ठरावीक पगार दाखवावा लागतो, २०२५ साठी वर्षाला ५३,१३० युरो, किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद असल्याचा पुरावा. नवख्या नर्सला तो पगार गाठणं कठीण. चव्वेचाळीस असाल तर आजच क्लास लावा.

१४. आमच्या घरातले सगळे कुवेत-सौदीला. मग जर्मनीच का?

खेड, दापोली, श्रीवर्धनच्या घरांतून हा प्रश्न हटकून येतो, आणि रास्त आहे. आखातात इंग्रजीवर काम होतं, पगारावर कर नाही, गावचे लोक आधीपासून तिथे आहेत. लवकर पैसे साठवून परतायचं असेल तर आखात बरं. जर्मनीत सुरुवातीची दोन वर्षं खडतर, पण कुशल कामगाराला साधारण तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, तिकडेच प्रशिक्षण घेतलं असेल तर दोन वर्षांनी. नागरिकत्व घेतलंत तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, मग ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड. एक लक्षात ठेवा: आखातातल्या देशांसह १८ देशांसाठी नर्सभरती २०१५ पासून सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच करायची आहे. जर्मनी त्या १८ मध्ये नाही, म्हणून जर्मनीच्या बाबतीत तुमची राखण तुम्हालाच करायची आहे (प्रश्न १०).

१५. दहा वर्षांनी परत आले तर तिथे कापलेली पेन्शन बुडते का?

नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरली जातात आणि पेन्शन भारतात मिळू शकते. म्हणून पीएफचे जुने कागद फेकू नका.

१६. भाऊ लोट्याच्या औषध कारखान्यात आहे. या सहकार्याचा त्याच्याशी काही संबंध?

नर्सेसच्या करारांशी नाही, पण दोन देशांच्या आरोग्य व्यापाराशी आहे. लोटे-परशुराम आणि महाडच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचा कच्चा माल बनतो. युरोपात असं औषधी घटकद्रव्य पाठवायचं तर जुलै २०१३ पासून भारतीय औषध नियंत्रकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं, की कारखान्याचा दर्जा युरोपच्या तोडीचा आहे. म्हणजे जर्मन आजोबांच्या गोळीतलं द्रव्य आणि ती गोळी भरवणारी नर्स, दोन्ही एकाच तालुक्यातून गेलेली असू शकतात. कागदपत्रांचा जाच दोघांनाही सारखाच.

१७. जर्मन पेशंट आपल्याकडे आयुर्वेदाला आले तर? सिंधुदुर्गात विमानतळ आहे.

भारताने जुलै २०२३ मध्ये वेगळा आयुष व्हिसा सुरू केला, तो याचसाठी. पण नुसता समुद्र आणि तेल असून भागत नाही. मान्यताप्राप्त केंद्र, पात्र वैद्य आणि जर्मन बोलणारं माणूस हवं. भाषा शिकून काही कारणाने जाऊ न शकलेल्या मुलींना इथे काम आहे, असं मला वाटतं.

१८. सगळ्या सिस्टर गेल्या तर आमचे दवाखाने कोण चालवणार?

जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची आचारसंहिता सांगते की मनुष्यबळाची तीव्र चणचण असलेल्या देशांतून भरती टाळावी. २०२३ च्या तिच्या ५५ देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून कागदावर सगळं ठीक. पण संपूर्ण भारत आणि आपला आतला तालुका यात फरक आहे. ओरोस, रत्नागिरी आणि अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली, त्यांनाही सिस्टर हव्यात. मुलींना अडवून मात्र हे सुटणार नाही. कंत्राटी सिस्टरला वेळेवर पगार मिळत नाही तोवर तिला थांब म्हणायचा हक्क मला नाही.

१९. "माझ्या चेडवाक थंयची थंडी सोसात मां?"

सोसात गे आवशी. घरं गरम असतात. कपडे इथून नेऊ नका, तिथे घ्या. पहिल्या नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो, ते थंडीपेक्षा जड जातं, तेव्हा रोज फोन करा. कोकम आणि तिरफळ द्या, सुके बांगडे मात्र बॅगेत भरू नका. युरोपीय संघात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, माशाला ठरावीक वजनापर्यंत मुभा आहे. पण बॅग उघडली की वास सगळ्या विमानतळाला.

२०. ज्ञानपरीक्षेत नापास झाले तर परत पाठवतात का?

लगेच नाही. परीक्षा एकदा पुन्हा देता येते, आणि तोवर वास्तव्याचा परवाना चालू ठेवण्यासाठी मालकाचं पत्र लागतं. म्हणून निकाल लागल्याच्या दिवशी आधी मालकाशी बोला, मग घरी फोन करा. बहुतेक मुली उलट करतात.